अपुरा गठ्ठा

क्लबच्या लॉन्ड्रीत बारा देशांच्या मुलींचे टॉवेल येऊन पडले आणि मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, की बाराही देशांत मुलींना हातपाय पुसायला कुणी शिकवत नाही.

“यांनी टॉवेलने चिखल पुसला नाही,” एकेक टॉवेल दोन बोटांत उचलून त्या म्हणाल्या, “यांनी चिखलाने टॉवेल पुसलाय.”

“खेळून येतात पोरी, आई,” इस्त्रीच्या टेबलामागून सून म्हणाली.

“गोल्फ खेळून येतात ना? मग म्हशीसारखं लोळायचा भाग त्यात कुठे येतो, तेवढं समजाव मला.”

सुनेने समजावलं नाही. सतरा वर्षं एका छताखाली आणि एकाच वाफेत काढल्यावर कुठे उत्तर द्यायचं आणि कुठे कॉलर दाबायची, हे तिला पक्कं माहीत झालं होतं.

मोठ्या बाई म्हणजे लॉन्ड्रीच्या मुकादम. वर क्लबात संगमरवर, आरसे आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. खाली तळघरात धुण्याची तीन मशीनं, गरम नळ्यांची वाळवणीची खोली, इस्त्रीची दोन टेबलं आणि बाई. एकतीस वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत. आकडे चांगले यायचे, सही यायची. बाकीची अक्षरं ओळखीची होती पण त्यांच्याशी घरोबा नव्हता. त्याने काही अडलंही नाही. वाचता येणारे पुष्कळ मॅनेजर आले आणि गेले, बाई तिथेच होत्या.

लॉन्ड्रीत पाचाचा गठ्ठा चालायचा. टॉवेल असोत, चादरी असोत, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल असोत, पाच नग झाले की पट्टी बांधायची आणि म्हणायचं ‘पूर्ण’. चार असले तर अपुरा. अपुरा गठ्ठा दाराबाहेर जात नाही. पाचवा कुठे गेला ते आधी शोधायचं. एकदा मोठ्या मेजवानीच्या दिवशी एक रुमाल कमी भरला, म्हणून बाईंनी सगळेच्या सगळे रुमाल अडवून धरले. वर सूप निवत होतं. मॅनेजर जिन्यावरून तीनदा वरखाली झाला. शेवटी रुमाल सापडला तो त्याच्याच खिशात. नाक पुसून ठेवून दिला होता. तेव्हापासून बाईंनी ‘पूर्ण’ म्हटलं की ते पुन्हा मोजायची कुणाची छाती नव्हती. मॅनेजरची तर नाहीच नाही.

आता ही स्पर्धा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी, एकेका देशाच्या तिघी-तिघी, तीन दिवस सकाळपासून काठीने चेंडू हाणत हिंडायच्या. जिचे फटके कमी ती पुढे.

“म्हणजे काम जास्त केलं की हार,” बाई म्हणाल्या होत्या. “हा खेळ नक्की आपल्या मॅनेजरने काढलेला असणार.”

त्याहून कहर म्हणजे प्रत्येक संघाला एक कॅप्टन, आणि ती कॅप्टन खेळत नाही! नुसती फिरते. आपल्या संघाची कॅप्टनबाई चुन्यासारखी पांढरी पँट घालून छोट्या गाडीतून फिरायची. गळ्यात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. दोन्हींतून तिला मोठ्या बाई कधी दिसल्या नव्हत्या. समोरासमोर आलीच तर ‘मावशी, जरा बाजूला’ एवढं म्हणायची.

“हिच्या आईची बहीण कधी झाले मी?” बाई विचारायच्या. “एवढी देखणी बहीण असती तर लक्षात राहिली असती मला.”

पण या सगळ्या तमाशाकडे पाठ फिरवून बसायची सोय नव्हती. यजमान संघातली तिसरी मुलगी सुनेची पोर, बाईंची नात होती.

ती लॉन्ड्रीतच वाढली. रांगती असताना मळक्या चादरींच्या ढिगात निजायची, चालती झाल्यावर मागच्या दाराने हिरवळीवर पळायची. तिथे गवत राखणाऱ्या माळीदादाने तिला एक मोडकी काठी कापून दिली. पोरगी मनगटातून असा काही झटका द्यायची की चेंडू टिचकी मारल्यासारखा उडायचा, म्हणून तिचं नाव पडलं टिचकी. पुढे सभासदांनी नवी काठी घेतली की जुनी हिला द्यायला सुरुवात केली. अशी तिची पिशवी भरली. संघातल्या दुसऱ्या दोघी, एक डॉक्टरची आणि एक बिल्डरची. त्यांच्या काठ्या सख्ख्या बहिणींसारख्या, एका तोंडवळ्याच्या. टिचकीच्या काठ्या धर्मशाळेत एकत्र आलेल्या पाहुण्यांसारख्या. एक आखूड, एक लांब, एकीची मूठ लाल, एकीची काळी.

“काठी नाही आजी, क्लब म्हणतात त्याला.”

“क्लब ही बिल्डिंग आहे. ही काठी. मला शिकवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिचकी खाली आली आणि येऊन थेट टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसली. दुपारभर रिपरिप पाऊस होता. पोरीच्या वेणीतून पाणी गळत होतं.

“ऊठ. पाहुण्यांचे आहेत ते. किती झाले आज?”

“एकोणऐंशी.”

“चांगलं की वाईट?”

“वगळलं.”

“काय वगळलं?”

“माझं कार्ड. तिघी खेळतो ना आजी, पण दिवसाला चांगल्या दोघींचंच धरतात. तिसरीचं सोडून देतात. कालही माझंच सोडलं.”

सुनेने इस्त्री उभी ठेवली. बाईंच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

“म्हणजे दिवसभर उन्हापावसात तू चाललीस, आणि तुझा कागद टोपलीत?”

“नियमच आहे तो.”

“तीन नग धुवायला घ्यायचे, दोन परत करायचे, आणि तिसरा गेला कुठे ते विचारायचंही नाही! इथे एक पायपुसणं हरवलं तर मी रान उठवते. कुणी केला हा नियम?”

“आई, तिचं ऐकून तरी घ्या,” सून म्हणाली. “पुढे बोल गं.”

टिचकीने बुटाच्या टोकाने फरशीवर पाण्याची रेघ ओढली. “कॅप्टन मॅडम म्हणाल्या, तीन दिवसांत एकदाही माझं कार्ड धरलं गेलं नाही, तर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी येईल. आपण तिसरे आहोत आत्ता. पदक मिळेल. पण ते त्या दोघींनी मिळवलेलं. मी आपली… बरोबर होते.”

‘बरोबर होते’ हे ज्या आवाजात ती म्हणाली तो बाईंना सोसला नाही, आणि न सोसणारी गोष्ट आली की त्यांची जीभ सुटायची. “बरोबर होते म्हणे! आणि ती पांढरी पँट काय करत होती? ती तर एकही फटका मारत नाही. तिला नाही वगळत कुणी! उद्या एक दिवस उरलाय ना? मग रडतेस काय तोंड वर करून?”

“मी रडत नाहीये. पाऊस आहे तो.”

“तळघरात पाऊस पडत नाही. नाक पूस. त्या टॉवेलला नको!”

रात्री संघाने एकत्र हॉटेलातच राहायचं, असा कॅप्टनबाईंचा हुकूम होता. काठ्यांच्या मुठी भिजून गिळगिळीत झालेल्या, आणि क्लबात रात्रभर गरम राहणारी खोली एकच, वाळवणीची. म्हणून यजमानांच्या तीन पिशव्या खाली आल्या. त्यांचं बघून आणखी एका देशाच्याही तीन आल्या. त्या संघात एक लाल वेणीची, ठिपक्याठिपक्यांच्या गालांची पोरगी होती. तिने सगळ्या काठ्या नळ्यांना टेकवून ओळीने उभ्या केल्या, हसली, काहीतरी म्हणाली आणि ओल्या बुटांनी सगळी खोली तुडवून गेली.

“सकाळी तूच भरशील ना माझी पिशवी?” जाताना टिचकीने विचारलं. “मला उशीर होईल. मॅडमची मीटिंग असते.”

“भरते. तू फक्त ये.”

सकाळी लाल वेणीवालीचा संघ लवकर सुटणार होता. मागे पडलेल्यांना आधी सोडतात, पुढच्यांना शेवटी. त्या तिघी आल्या, घाईघाईने काठ्या पिशव्यांत कोंबल्या आणि गेल्या. डॉक्टरच्या आणि बिल्डरच्या पिशव्या बाईंनी जशाच्या तशा दाराशी सरकवल्या. त्यांच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. ‘त्यांच्या त्यांच्या घरचे मोजतील,’ असं मनात म्हणाल्या. तेव्हा तेवढ्या मोजल्या असत्या, तर पुढचं काही घडलं नसतं. पण श्रीमंतांच्या काठ्यांना हात लावायचा नाही हा बाईंचा मानाचा प्रश्न होता, आणि मानाच्या प्रश्नापुढे त्यांना दुसरं काही सुचत नसे.

नातीची पिशवी मात्र त्यांनी बाळाला न्हाऊ घालावं तशी केली. एकेक मूठ कोरड्या फडक्याने पुसली. लोखंड घासलं. मग टेबलावर काठ्या मांडल्या. कशा मांडल्या? एकतीस वर्षं हाताला जी सवय, तशा. पाच. पाच. आणि चार.

बाई थबकल्या.

पुन्हा मोजल्या. पाच, पाच, चार.

“अपुरा,” त्या म्हणाल्या.

सून कपडे भरायला वर गेली होती, नाहीतर तिने विचारलं असतं. बाईंनी टेबलाखाली पाहिलं. टोपल्या हलवल्या. मशीनमागे पाहिलं. आणि वाळवणीच्या खोलीत, गरम नळीच्या मागे सरकून पडलेली एक काठी सापडली. आखूड, चपट्या तोंडाची, काळ्या मुठीची. टिचकीच्या धर्मशाळेत शोभेल अशीच.

“बघा!” बाई रिकाम्या खोलीला म्हणाल्या. “त्या लाल वेणीने ढकलली असणार पाय घसरून. आमची पोर आज एका काठीविना गेली असती, आणि ती पांढरी पँट म्हणाली असती, निष्काळजी आहे.”

पाच, पाच, पाच. काठ्या पिशवीत गेल्या. बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं.

टिचकी धापा टाकत आली. “भरली? पूर्ण आहेत ना आजी?”

“पूर्ण.”

पोरीने मोजल्या नाहीत. तिच्या आजीने ‘पूर्ण’ म्हटल्यावर या क्लबात कुणी मोजत नाही, आणि ती तर त्या शब्दावर लहानाची मोठी झालेली. पिशवी ढकलगाडीवर चढवली आणि पळाली.

त्या दिवशी बाईंनी एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. कामाच्या वेळेत लॉन्ड्री सुनेच्या हवाली केली.

“चादरी उकळत्या पाण्यात टाकू नकोस.”

“नाही टाकत.”

“आणि मॅनेजर आला तर सांग, मी मेले.”

“त्यांचा विश्वास नाही बसणार,” सून म्हणाली.

अॅप्रन न काढताच बाई हिरवळीवर गेल्या. प्रेक्षकांसाठी दोरी लावली होती. दोरीबाहेर छत्र्या, दुर्बिणी आणि गुलाबी नाकांची माणसं. एखादीने चांगला फटका मारला की सगळे टाळ्या वाजवायचे, पण अशा, की जणू हातावर बसलेला डास मारायचाय आणि त्याला दुखताही कामा नये. बाईंना हसू आवरेना. माळीदादा गवत झाडायचा लांब झाडू घेऊन दोरीजवळ उभा होता. त्याच्या शेजारी त्या जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही? उन्हात?” माळीदादा म्हणाला. “सूर्य मावळला काय तळघरातला?”

“बडबड नको. कशी खेळतेय?”

“पहिल्या भोकावर चारच्या जागी चार. दुसऱ्यावर एक वाचवला. आज हात छान वळतोय तिचा.”

तिसऱ्या भोकापुढे तळं होतं. टिचकीचा चेंडू तळ्याअलीकडे गवतात पडलेला. इथून उचलून पलीकडे टाकायचा. पोरीने पिशवीत न बघताच हात घातला, आखूड काठी ओढली, दोन वेळा हवेत फिरवली. आणि थांबली. मूठ पाहिली. काठी उलटी करून तिचं तोंड पाहिलं. मग ती गाडीजवळ गेली आणि एका बोटाने काठ्या मोजायला लागली.

लांबून बाईंना तिचे ओठ हलताना दिसत होते. “काय करते ही? मोजायच्या कशाला? मी मोजल्यात.”

टिचकीने हात वर केला. टोपी घातलेला, खिशात नियमांचं छोटं पुस्तक असलेला एक माणूस चालत आला. त्याने काठी पाहिली, पुस्तक न उघडताच मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

“गेले,” माळीदादा म्हणाला. “चार फटके गेले.”

“कशाचे?”

“पिशवीत पंधरा निघाल्या बाई. चौदाच चालतात. जास्त निघाली तर भोकामागे दोन दंड, दोन भोकांचे चार.”

“दंड? चोरी केली का कुणी? एक काठी जास्त आहे म्हणून? आणि कमी असती तर?”

“कमी चालते.”

“कमी चालते?”

“तेरा चालतात, दहा चालतात. एकच घेऊन खेळलं तरी चालतं. चौदाच्या वर नाही.”

बाईंनी दोरी धरली. दोरी एवढी थंड कशी, असा काहीतरी वेडगळ विचार त्यांच्या डोक्यात आला. एकतीस वर्षं अपुरं बाहेर जाऊ दिलं नाही; आणि इथे, या उलट्या, नाजूक टाळ्यांच्या, बिनखेळणाऱ्या कॅप्टनच्या जगात, अपुरं तेच बरोबर होतं. पाच, पाच, चार. बरोबर होतं ते. ते बरोबर होतं, आणि त्यांनी त्यात एक घातली.

छोटी गाडी घरघरत आली. कॅप्टनबाई उतरली, एक चष्मा चढवला, एक उतरवला.

“ही कुणाची? कुणी ठेवली तुझ्या पिशवीत?”

टिचकीने मान वळवली. दोरीकडे, अॅप्रनकडे. क्षणभरच. बाईंना वाटलं, सांगेल. सांगू दे. पोरगी पुन्हा कॅप्टनबाईकडे वळली.

“माझी चूक आहे मॅडम. मी मोजल्या नाहीत.”

“निष्काळजी!” कॅप्टनबाईने हे हळू म्हटलं नाही, दोरीपलीकडच्या छत्र्यांनाही ऐकू गेलं. “म्हणूनच तुझं कार्ड धरलं जात नाही. आता खेळ जसं जमेल तसं.”

टिचकीने योग्य ती काठी काढली, मारली, आणि चेंडू तळ्यात गेला.

चौथ्या भोकापासून नवव्यापर्यंत बाई दोरीच्या कडेने चालत राहिल्या. माळीदादाशीही बोलल्या नाहीत, आणि माळीदादा हा काही गोष्ट पोटात ठेवणारा माणूस नव्हता. दुपारपर्यंत ही बातमी स्वयंपाकघरात, संध्याकाळपर्यंत मॅनेजरच्या टेबलावर जाणार होती. पण बातमी काय जाणार होती? पोरीने मोजल्या नाहीत, एवढीच. बाईंचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पोरीने ते गिळलं होतं. सून घरी काही बोलणार नाही, आणि तिचं न बोलणं किती मोठ्याने ऐकू येतं ते बाईंना माहीत होतं. पण बाहेर तर कुणाला कळणार नव्हतं. मॅनेजर पुन्हा रुमाल मोजायला लागणार नव्हता. मोठ्या बाईंचा ‘पूर्ण’ जिथल्या तिथे राहणार होता.

त्यांनी आयुष्यभर किती जणांना किती सुनावलं होतं! बटण तुटलं की धुणाऱ्या बाईला, डाग राहिला की सुनेला, रुमाल हरवला की मॅनेजरला. ‘चूक झाली म्हणायला जीभ झिजते का?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता ती जीभ टाळूला चिकटून बसली होती. झिजायचं सोडाच, हलतही नव्हती.

टिचकी सातव्यावर अडखळली, आठव्यावर सावरली. खांदे पडलेले. चेंडू मारून झाला की ती मान खाली घालून चालायची, मळक्या कपड्यांचं गाठोडं वाहावं तशी. नववं भोक संपल्यावर खेळाडूंना पाणी प्यायची झोपडी होती. कॅप्टनबाई तिथे उभी राहून केळं सोलत होती. बाईंनी दोरी उचलली आणि खालून गेल्या.

“मावशी, इकडे यायला परवानगी नाही.”

“काठी मी ठेवली.”

“कोणती काठी?”

“पंधरावी. आमच्याकडे पाचाचा गठ्ठा असतो. पोरीच्या चौदा भरल्या, मला अपुऱ्या वाटल्या. तिथे पडलेली एक सापडली, ती घातली. पोरीने मला विचारलं, पूर्ण आहेत का. मी म्हटलं, पूर्ण. म्हणून तिने मोजल्या नाहीत.”

कॅप्टनबाईने लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला बाई दिसल्या असाव्यात.

“बरं. पण आता सांगून ते चार फटके परत येणार आहेत का? नियमाप्रमाणे जबाबदारी खेळाडूचीच.”

“फटके नकोत मला. ते तुमचे, तुमच्या पुस्तकात ठेवा. तुम्ही तिला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणालात. ते परत घ्या.”

“हे बघा, मी नंतर तिच्याशी…”

“नंतर नाही. नंतर तिचं खेळून संपलेलं असेल. आणि मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. म्हणाला होतात तेवढ्याच मोठ्याने.”

“मी कॅप्टन आहे, मावशी.”

“हो ना. फटका तर मारत नाही तुम्ही एकही. मग एवढं तरी करा की. कॅप्टनने करायचं काम दुसरं कुठलं आहे या खेळात?”

झोपडीतल्या पाणी देणाऱ्या बाईने हसू दाबायला ग्लास तोंडाला लावला, त्यात पाणी नव्हतं. कॅप्टनबाईचं केळं अर्धं सोललेलं हातात तसंच. तिने ते ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा बाईंच्याच हातात दिलं आणि दहाव्या भोकाकडे चालत गेली. गाडी न घेता. ते बाईंनी टिपलं.

काय बोलली ते इकडे ऐकू आलं नाही. फक्त शेवटचं आलं, कारण कॅप्टनबाईने ते मुद्दाम दोरीकडे तोंड करून म्हटलं: “…निष्काळजी म्हणाले, ते माझं चुकलं.”

टिचकी हसली वगैरे नाही. तिने टोपी काढली, केस मागे केले, टोपी पुन्हा घातली. मग तिने मनगटातून तो झटका दिला, आणि चेंडू टिचकी मारल्यासारखा गेला.

“हां!” बाई ओरडल्या. छत्र्यांनी वळून पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे केळं रोखलं. “काय बघता? टाळ्या वाजवा! नीट वाजवा, हात झिजत नाहीत.”

दुपारी निकाल लागला. टिचकी शहात्तर, दंड धरून. बिल्डरच्या मुलीचा दिवस बिघडला, तिचे अठ्ठ्याहत्तर. म्हणून या दिवशी वगळलं ते बिल्डरच्या मुलीचं, टिचकीचं धरलं. आणि संघ चौथा आला. पदकाला तीन फटके कमी पडले.

टिचकी खाली आली तेव्हा तळघरात वाफ भरली होती. या वेळी ती गठ्ठ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

“तीन कमी पडले ना?” बाईंनी विचारलं. हातातली घडी चालूच.

“हो.”

“आणि दंड चार.”

“हो.”

“म्हणजे पदक माझ्यामुळे गेलं.”

सुनेची इस्त्री थांबली. पोरगी ‘नाही गं आजी’ म्हणेल असं दोघींनाही वाटलं असावं.

“हो,” टिचकी म्हणाली. “पण मीही मोजायला हवं होतं.”

बाईंनी मान हलवली. पोरगी खोटं बोलली नाही हे त्यांना बोचलं, आणि आवडलंही. “पुढच्या वर्षीचं काय?”

“मॅडम म्हणाल्या, जागा राहील. कार्ड धरलं गेलं ना.” मग म्हणाली, “त्या म्हणाल्या, तुझी आजी भयंकर आहे.”

“पहिल्यांदा काहीतरी नीट पाहिलं तिने.”

“मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं,” सून म्हणाली आणि इस्त्री पुन्हा उचलली. सतरा वर्षांत तिने एवढं पहिल्यांदाच म्हटलं होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लागट उत्तर शोधलं, आणि आजचा दिवस म्हणून सोडून दिलं.

दारात लाल वेणीवाली उभी होती. तिने हातांनी आखूड काठी दाखवली, खांदे उडवले, डोळे मोठे केले. दिवसभर ती बिचारी त्या काठीवाचून खेळली होती, आणि कमी चालते म्हणून तिला कुणी काही बोललंही नव्हतं. बाईंनी टिचकीने खाली आणलेली ती काठी कोरड्या टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात ठेवली. पोरगी वाकून वाकून काहीतरी म्हणत होती.

“हं, हं. कळलं,” बाई म्हणाल्या आणि दारातल्या पायपुसण्याकडे बोट केलं. “आधी पाय पूस.”

पोरीला भाषा कळली नाही पण बोट कळलं. तिने दोन्ही पाय पुसले. चांगले पुसले.

दुसऱ्या आठवड्यात टिचकीची सरावाची पिशवी पुन्हा टेबलावर होती. बाईंनी मुठी पुसल्या आणि काठ्या मांडल्या. पाच. पाच. चार. हात आपोआप टेबलावरून पुढे सरकला, पाचवी चाचपायला. रिकाम्या जागेवर तो क्षणभर पडून राहिला. मग बाईंनी तो उचलून अॅप्रनच्या खिशात घातला आणि आतच ठेवला.

“आजी!” जिन्यावरून हाक आली. “पूर्ण आहेत ना?”

“पूर्ण-बिर्ण मला विचारू नकोस,” बाई ओरडल्या. “चौदा आहेत. खाली ये आणि स्वतः मोज.”